तिथी पाहून निघावे : रेवदंड्याच्या एकदिवसीय सहलीविषयी वाचकांचे प्रश्न

मुंबईहून बसने जाऊन त्याच रात्री परतता येईल असे समुद्रकाठचे जुने मासेमारी बंदर कोणते, या विषयावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहोत. एकाच स्वरूपाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे न देता केवळ राहण्याचे ठिकाण दिले आहे.

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातील अडतीस जणांना जानेवारी-फेब्रुवारीत एखादे जुने मासेमारी बंदर पाहण्यासाठी बसने जायचे आहे. गेल्या वर्षी एका सहल आयोजकाबरोबर आम्ही मुरूडला गेलो होतो. कार्यक्रमपत्रिकेवर सात ठिकाणे होती. त्यांतील चार आम्ही बसच्या खिडकीतून पाहिली आणि राजपुरीच्या धक्क्यावर पोहोचलो तेव्हा जंजिऱ्याकडे जाणारी शेवटची होडी सुटून गेली होती. या वेळी बस आम्हीच ठरवणार आहोत. ठिकाण कोणते निवडावे आणि दिवस कसा आखावा? (दादर)

उत्तर : मुरूडचा यात काही दोष नाही. दादरहून मुरूड एका बाजूने दीडशे किलोमीटरांच्या पुढे जाते, त्यातील शेवटचा बराच भाग अरुंद आणि वळणावळणाचा आहे, आणि तेथे पोहोचल्यावर पुन्हा होडीची रांग असते. मुक्काम करणाऱ्यांनी मुरूडला अवश्य जावे. ज्यांना सूर्य मावळताना परतीच्या बसमध्ये बसायचे आहे त्यांच्यासाठी आमची निवड रेवदंडा ही आहे. कुंडलिका नदी जेथे समुद्राला मिळते तेथे खाडीच्या उत्तर काठावर हे गाव वसले आहे, त्याला लागूनच प्राचीन चौल आहे, पलीकडच्या काठावर कोर्लईचा डोंगर समुद्रात घुसलेला आहे, आणि थेरोंडा, आग्राव यांसारख्या कोळी वस्त्या हाकेच्या अंतरावर आहेत. दादरहून पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड, अलिबागमार्गे हे अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर भरते. अलिबागच्या पुढे सतरा-अठरा किलोमीटरच उरतात, परंतु तो रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जातो आणि मोठी बस तेथे रमतगमतच चालते.

दिवस ठरवताना बहुतेक मंडळी आधी रविवार शोधतात, मग बस आणि शेवटी जेवणाची सोय पाहतात. बंदर पाहायचे असेल तर हा क्रम उलटावा लागतो, कारण बंदराचे घड्याळ भरती-ओहोटीवर चालते. कोकण किनाऱ्यावरील लोक भरतीची वेळ काढण्यासाठी एक सोपा हिशेब वापरत आले आहेत : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे मिळते. आपल्या संघात लहानपणी पाऊणकी पाठ केलेली मंडळी निश्चितच असतील, त्यांना हे सांगण्याचीही गरज नाही. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणून अष्टमीला सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती असते. द्वादशीला ती नऊच्या सुमारास येते आणि चतुर्दशीला साडेदहाच्या. त्यानंतर सव्वासहा तासांनी पाणी पूर्ण ओसरते. शुक्ल आणि कृष्ण या दोन्ही पक्षांना हा हिशेब सारखाच लागू पडतो. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, तेव्हा नेमकी वेळ छापील भरती-कोष्टकातून ताडून घ्यावी, परंतु तारीख निवडण्यासाठी घरातील दिनदर्शिका पुरेशी आहे.

आपल्यासारख्या गटासाठी द्वादशी ते चतुर्दशी हे तीन दिवस सर्वांत सोयीचे आहेत, असे आमचे मत आहे. त्याचे कारण असे की सकाळी नऊ ते साडेदहाच्या दरम्यान खाडी भरलेली असते आणि मासळी घेऊन परतणाऱ्या ज्या होड्या उथळ पाण्यावर अडण्याच्या भीतीने बाहेर थांबतात, त्यांना त्या पाण्यावर आत येता येते. तर दुपारी तीन ते पावणेपाचच्या सुमारास ओहोटी असल्याने किल्ल्याच्या पश्चिम तटाखालून वाळूवर निवांत चालता येते, जे भरतीच्या वेळी शक्य नसते. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या जवळचे हे दिवस उधाणाचे असतात. पाण्याला ओढ असते आणि प्रवाहावर चालणाऱ्या डोलजाळ्यांना त्या दिवसांत मासळी अधिक लागते. उलट अष्टमीच्या आसपास भांग असते. त्या दिवसांत पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही, आणि धक्क्यावर वर्दळ कमी दिसते. होळी किंवा नारळी पौर्णिमेसारखा सण टाळावा, कारण त्या दिवशी होड्या नांगरलेल्या असतात. अर्थात समुद्र कोणाशी करार करत नाही. वारा पडला नाही तर द्वादशीलाही धक्का रिकामा दिसू शकतो, ही कल्पना सहकाऱ्यांना आधीच देऊन ठेवावी.

तिथी आठवड्याच्या मधल्या वारी येत असेल तर उत्तमच. शनिवारी सकाळी आणि रविवारी संध्याकाळी वडखळच्या नाक्यावर अलिबागकडे जाणारी आणि अलिबागहून येणारी वाहने अशी काही अडकतात की केलेला सारा हिशेब तेथेच कोलमडतो. दादरहून सव्वापाचला निघावे. शिवडीहून सुटणारा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाल्यापासून दादर-परळकडील बसगाड्यांना पनवेलच्या गर्दीला वळसा घालून पेणच्या रस्त्याला लागता येते. त्याचा पथकर वेगळा द्यावा लागतो, पण अडतीस जणांत विभागल्यावर तो फारसा जाणवत नाही. पेणच्या आसपास स्वच्छतागृह असलेल्या उपाहारगृहात अर्धा तास थांबावे आणि तेथून पुढे कोठेही न थांबता साडेनऊच्या आत रेवदंड्याला पोहोचावे. अलिबागचा समुद्रकिनारा जाताना डावा-उजवा न पाहता सोडून द्यावा. तो पाहण्याचा मोह झाला की रेवदंड्याची भरती हुकते, आणि तेथील समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यासाठी पुन्हा वेगळी ओहोटी गाठावी लागते.

सकाळचे दीड-दोन तास बंदर आणि मासळीबाजारासाठी ठेवावेत. अकराच्या सुमारास किल्ल्यातील सातखणी मनोरा आणि चर्चचे अवशेष पाहावेत. एक वाजता जेवण घ्यावे. अडतीस पाने एकदम वाढणारी खानावळ आयत्या वेळी मिळत नाही, म्हणून मासळीचे किती आणि शाकाहारी किती हे आदल्या दिवशी कळवून ठेवावे. जेवणानंतर चौलचे रामेश्वर मंदिर आणि त्यासमोरील पुष्करिणी पाहावी. तेथे सावली आहे, बसायला जागा आहे आणि चढण अजिबात नाही. साडेतीनला पुन्हा रेवदंड्याच्या वाळूवर यावे आणि पाचला बस हलवावी. कोर्लईचा किल्ला या यादीत आम्ही मुद्दाम घातलेला नाही. दीपगृहाजवळून वर जाणाऱ्या पायऱ्या उंच-सखल आहेत, गुडघे कुरकुरणाऱ्यांना त्या झेपत नाहीत, आणि खाडीवरील साळावचा पूल जुना असल्याने त्यावर जड वाहनांबाबत वेळोवेळी निर्बंध घातले जातात. बस पुलावरून जाईल की नाही याची चौकशी चालकाने आधी करावी. संघातील दहा-बारा उत्साही मंडळींना जायचेच असेल तर दुपारच्या वेळात त्यांनी स्थानिक रिक्षा करून जावे आणि उरलेल्यांनी रामेश्वराच्या आवारात त्यांची वाट पाहावी.

प्रश्न : माझे बालपण काळबादेवीजवळच्या चेऊलवाडीत गेले. हे नाव चौलवरून पडले असे वडील सांगत असत. ते खरे आहे का? आणि एवढे मोठे बंदर होते असे म्हणतात, तर आज तेथे जाऊन नेमके काय दिसते? आमच्या मंडळाच्या मागील सहलीत मार्गदर्शकाने 'हा पोर्तुगीजांचा किल्ला' एवढेच सांगून सर्वांना चहाला नेले. (गिरगाव)

उत्तर : आपले वडील बरोबर सांगत होते. चेऊल हा चौल या नावाचाच जुना उच्चार आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इंग्रज कंपनीकडे आल्यावर बेटावरील वस्ती वाढवण्यासाठी कारागीर आणि व्यापारी यांना बोलावण्यात आले. चौल त्या काळी रेशमी कापडासाठी प्रसिद्ध होते आणि तेथील विणकर मुंबईत येऊन राहिले. त्यांच्या वस्तीची आठवण चेऊलवाडी या नावात उरली आहे. चौलचा व्यापार बसत गेला आणि मुंबईचा चढत गेला, या दोन गोष्टी एकाच काळात घडल्या. त्यामुळे मुंबईकराने चौलला जाणे म्हणजे एका परीने घरातील जुन्या माणसाला भेटायला जाण्यासारखे आहे.

हे जुने माणूस किती जुने, ते पाहा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक भाषेतील सागरी मार्गदर्शिकेत कल्याणच्या पुढील बंदर म्हणून सेमुल्ला येते. अभ्यासक ते चौल मानतात. अरब लेखक याच गावाला सैमूर म्हणत. अल-मसूदी हा प्रवासी इसवी सन ९१६ च्या सुमारास येथे आला तेव्हा शिलाहार राजा झंझ याची सत्ता होती, आणि गावात सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी एक घोडा विकण्याच्या इराद्याने येथेच उतरला. गोऱ्या माणसाला पाहायला लोक मागे मागे येत होते, असे त्याने नमूद केले आहे. रेवदंड्यातील एका शाळेच्या आवारात त्याचा स्मारकस्तंभ आहे. शाळा भरलेली नसताना परवानगी घेऊन तो पाहता येतो.

पोर्तुगीजांचा भाग त्यानंतरचा. आपल्या मार्गदर्शकाने चहापूर्वी दहा मिनिटे दिली असती तर त्याला एक गोष्ट सांगता आली असती, जी या बंदराला अगदी शोभणारी आहे. मार्च १५०८ मध्ये इजिप्तच्या मामलुक सुलतानाचे आणि गुजरातच्या सुलतानाचे आरमार चौलच्या खाडीत पोर्तुगीजांवर चालून आले. पोर्तुगीज आरमाराचा प्रमुख लोरेन्सो द अल्मेडा हा भारतातील पहिल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा होता. माघार घेताना त्याचे जहाज खाडीत मासेमारीसाठी रोवलेल्या खुंटांमध्ये अडकले, सुटेना, आणि तेथेच तो मारला गेला. भारतीय समुद्रातील पोर्तुगीजांचा हा पहिला मोठा पराभव मानला जातो. तोफा दोन्ही बाजूंकडे होत्या, पण जहाज रोखून धरले ते कोळ्यांच्या खुंटांनी. आजही डोलजाळे पाण्याच्या ओढीसमोर तोंड करून खांबांना किंवा नांगरांना बांधतात. भरतीच्या ओढीत मासळी त्यात शिरते, आणि पाणी फिरण्याच्या वेळी जाळे उचलतात. बोंबील प्रामुख्याने याच जाळ्यात मिळतात. खाडीकाठी उभे राहिल्यावर पाण्यातून डोके वर काढणारे खांब दिसले, तर ही लढाई आठवावी.

या पराभवानंतरही पोर्तुगीज परतले. १५१६ मध्ये त्यांनी अहमदनगरच्या निजामशहाकडून वखारीची परवानगी मिळवली आणि १५२१ ते १५२४ या काळात किल्ला बांधला. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने या किल्ल्याला कित्येक महिने वेढा घातला, परंतु तो घेता आला नाही. खाडीच्या तोंडावरील कोर्लईचा डोंगर १५९४ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेल्यावर बंदराचे दोन्ही काठ त्यांचे झाले. वसई मराठ्यांनी १७३९ मध्ये घेतली आणि पुढल्याच वर्षी, १७४० मध्ये, झालेल्या तहाने रेवदंडा आणि कोर्लई दोन्ही मराठ्यांकडे आले.

आता आपला दुसरा प्रश्न, की आज दिसते काय. प्रामाणिकपणे सांगायचे तर तयार मांडून ठेवलेले फार थोडे दिसते, आणि यातच रेवदंड्याची गंमत आहे. किल्ला म्हणून वेगळी जागा शोधू नये, कारण आपण गावात शिरतो तेव्हाच रस्ता तटाच्या दरवाजातून आत गेलेला असतो. तटाच्या आत घरे, वाड्या, विहिरी, शेणाने सारवलेली अंगणे असे संपूर्ण गाव नांदते आहे. नारळाच्या झाडांतून मध्येच एखादी कमान किंवा चर्चची छप्पर गेलेली भिंत डोकावते. ज्याला लोक सातखणी म्हणतात तो फ्रान्सिस्कन पंथाच्या चर्चचा मनोरा होता. सात मजल्यांपैकी चारच्या आसपास आज उभे आहेत आणि वरचा भाग भग्न आहे. बऱ्याच अवशेषांकडे जाणारी वाट कोणाच्या तरी वाडीतून जाते, म्हणून आधी आवाज द्यावा आणि परवानगी घेऊन मगच पुढे जावे. चौलमध्ये रामेश्वराच्या सभामंडपात अग्निकुंड, वायुकुंड आणि पर्जन्यकुंड अशी तीन कुंडे बुजवलेल्या स्थितीत आहेत. पाऊस फार लांबला तर पर्जन्यकुंड उघडण्याची प्रथा गावाने जपली आहे. रेवदंड्यात बेने इस्रायली समाजाचे बेथ एल हे सिनेगॉगही आहे. या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवणारा आणि शनिवारी काम बंद ठेवणारा हा समाज शनिवार तेली या नावाने ओळखला जाई. मंदिर, मशीद, चर्च आणि सिनेगॉग एवढ्याशा परिसरात का आहेत, याचे उत्तर खाडीच्या तोंडाकडे पाहिले की मिळते.

प्रश्न : कोर्लई गावात अजूनही पोर्तुगीज भाषा बोलली जाते असे ऐकले. आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन जाणार आहोत. ती ऐकायला मिळेल का? (अंधेरी)

उत्तर : तेथे बोलली जाते ती लिस्बनची पोर्तुगीज नाही. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून तयार झालेली ती स्वतंत्र भाषा आहे आणि बोलणारे तिला 'नो लिंग', म्हणजे आमची भाषा, असे म्हणतात. १७४० नंतर पोर्तुगीज निघून गेले, परंतु किल्ल्याच्या पायथ्याशी राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी घरातील बोली सोडली नाही. पोर्तुगालशी संबंध तुटल्यामुळे ती आपल्या पद्धतीने वाढली, तिच्या वाक्यरचनेवर मराठीचा ठसा उमटला, आणि आज ती बोलणारे सुमारे हजारभर लोक आहेत. ती सर्व मंडळी बाहेर उत्तम मराठी बोलतात. विद्यार्थ्यांना ती ऐकवायची असेल तर माउंट कार्मेल चर्चच्या माध्यमातून आधी विचारणा करावी आणि गावातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीला वेळ असेल तर गप्पा माराव्यात. रस्त्यात कोणालाही थांबवून 'जरा बोलून दाखवा' असे म्हणणे मात्र टाळावे. आपल्याला गिरगावात कोणी गाठून मराठी बोलून दाखवायला सांगितले तर कसे वाटेल, एवढा विचार पुरेसा आहे.

प्रश्न : मुलांना जुलैमध्ये सुट्टी जोडून मिळते आहे. पावसाळ्यात रेवदंडा अधिक सुंदर दिसेल ना? (बोरिवली)

उत्तर : हिरवाई दिसेल, परंतु बंदर दिसणार नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. हा अनेक माशांच्या प्रजननाचा काळ आहे आणि समुद्रही खवळलेला असतो. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात. जाळी विणण्याचे आणि होड्यांच्या डागडुजीचे काम पाहण्यात ज्यांना रस आहे त्यांनी जावे. इतरांनी नारळी पौर्णिमेनंतर, शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, जावे.

प्रश्न : खासगी बस बरी की एसटी? (परळ)

उत्तर : गट मोठा असेल तर एसटी महामंडळाची बस प्रासंगिक करारावर घेता येते, हे अनेकांना ठाऊक नसते. आगारात जाऊन अर्ज करावा, अनामत भरावी, आणि मार्ग व तास आधी लिहून द्यावेत. खासगी बसमध्ये मागे झुकणाऱ्या खुर्च्या आणि वातानुकूलन मिळते, पण ठरवताना चालकाचे जेवण, पथकर, वाहनतळाचे शुल्क आणि तासांची मर्यादा हे सर्व भाड्यात धरले आहे का, ते लेखी घ्यावे. एसटीतील महिलांची आणि ज्येष्ठांची भाडेसवलत नियमित फेऱ्यांसाठी आहे, तिच्या भरवशावर कराराच्या बसचा हिशेब करू नये. चार-पाच जणांनाच जायचे असेल तर अलिबागपर्यंतची नियमित एसटी आणि तेथून रेवदंड्याची फेरी हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. बस कोणतीही असो, तिची लांबी पाहावी. रेवदंड्याच्या बाजारातील वळणांवर मोठी बस फिरवताना समोरून टेम्पो आला, की अर्धा तास सहज जातो. पस्तीस-चाळीस आसनांपेक्षा मोठी गाडी घेऊ नये आणि ती गावाबाहेर उभी करून पायी आत जावे.

प्रश्न : बंदरावर मासळी थेट होडीवरून स्वस्त मिळते असे म्हणतात. आम्हाला ताजी मासळी आणि सुकी मासळी दोन्ही आणायची आहे. भाव कसा करावा, आणि परतीच्या प्रवासात ती टिकेल का? (भांडुप)

उत्तर : होडीवरून उतरलेली मासळी पाट्यांनी आणि टोपल्यांनी लिलावात जाते. तेथे बोली लावणारे व्यापारी आणि कोळणी असतात, आणि त्यांचा दिवसाचा धंदा त्या पाच-दहा मिनिटांत ठरत असतो. दोन पापलेटांसाठी तेथे मध्ये उभे राहू नये. लिलाव पाहायचा असेल तर बाजूला राहून पाहावा, छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे. लिलाव आटोपला की त्याच कोळणी थोड्या अंतरावर वाटे लावून बसतात, खरेदी तेथे करावी. भाव वजनावर नसून वाट्यावर असतो. मुंबईतील बाजारापेक्षा तो नेहमीच निम्मा असेल अशी अपेक्षा धरू नये, कारण चांगला माल मुंबईच्या भावानेच विकला जातो. फरक पडतो तो ताजेपणात. कल्ले लाल, डोळे फुगीर आणि अंग दाबल्यावर लगेच वर येणारे असावे. बोंबील मात्र मऊच असतो, त्याच्याबाबतीत चकाकी आणि वास पाहावा. मावशी म्हणून हाक मारून दोन शब्द बोलल्यावर वाट्यात दोन मांदेल्या अधिक पडतात, हा आमचा अनुभव आहे. पण घासाघीस करताना तिने पहाटेपासून डोक्यावर वाहिलेली पाटीही लक्षात असू द्यावी.

ताजी मासळी सकाळी दहाला घेऊन रात्री नऊपर्यंत बसमध्ये ठेवायची असल्याने घरूनच थर्माकोलची पेटी न्यावी, मासळी तेथेच साफ करून घ्यावी आणि बर्फाचा एक थर, मासळीचा एक थर अशी भरावी. बर्फ वितळून पाणी साचले तर ते वाटेत काढून टाकावे, कारण त्या पाण्यात मासळी लवकर बिघडते. कोलंबी आणि बोंबील नाजूक असतात. पुढील दिवसापर्यंत ठेवायचे असेल तर त्यांच्याऐवजी सुरमई, सरंगा किंवा रावस घ्यावा.

खरे विचाराल तर रेवदंड्याहून आणण्यासारखी वस्तू म्हणजे सुकी मासळी. येथील सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोलंबी, महाग वाटतात, परंतु किलोभर सोड्यांसाठी किती किलो कोलंबी सोलावी लागते हे पाहिले की तक्रार राहत नाही. रंग नैसर्गिक केशरी-गुलाबी असावा, हाताला कोरडे आणि कडक लागावेत, आणि नाकाला झोंबणारा वास नसावा. ओलसर सोडे वजनाला भरतात आणि पंधरा दिवसांत बुरशी धरतात. सुके बोंबील मोडल्यावर कट्कन तुटावेत. जवळ्यात वाळू आहे का ते पाहण्यासाठी चिमूटभर तळहातावर चोळावा. वाकट्या आणि खारवलेले बांगडे मात्र ज्यांच्या घरात ते खाण्याची सवय आहे त्यांनीच घ्यावेत. घरी आल्यावर या सर्वांना एक-दोन ऊन दाखवून हवाबंद डब्यात भरावे, म्हणजे आगोटीची बेगमी होते आणि पावसाळ्यात चार महिने निघतात. फेब्रुवारीच्या अखेरीस गेलात तर अलिबागचा पांढरा कांदाही वेण्या घातलेल्या माळांमध्ये रस्त्याच्या कडेला विकायला असतो. त्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. सोड्यांच्या कालवणात तो फारच गोड लागतो.

एक सूचना चालकाच्या वतीनेही द्यावीशी वाटते. सुकी मासळी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून बसच्या खालच्या सामानाच्या कप्प्यातच ठेवावी. वातानुकूलित बसच्या वरच्या फळीवर ठेवलेली सुक्या बोंबलांची एक जुडी वडखळ येईपर्यंत साऱ्या बसची होते. संघातील शाकाहारी सदस्यांना पुढील सहलीला बरोबर न्यायचे असेल, तर निदान त्यांच्या डोक्यावर ती ठेवू नये.